डिसेंबरातला गणपती

"यातला त्याचा कोनता, ते सांगू नको," तिकीट खिडकीपाशीच बाबा म्हणाले. "मी पाह्यतो. काम चांगलं असंल तर मानूस पाहू. नाही तर घरी जाऊ, नि मी अमरावतीले फोन करतो."

अमरावतीला एक स्थळ होतं. रंगाच्या दुकानदाराचा मुलगा. त्याच्यात खोट काढायला मी दोन महिने घालवले होते आणि ती सापडत नव्हती, हीच त्याची मोठी खोट. मला लग्न करायचं होतं हेमराजशी. हेमराज एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात थंड विभागात कामाला होता. लग्नाच्या पार्ट्यांसाठी तो कलिंगडाची फुलं आणि बर्फाचे हंस कोरायचा. एका रिसेप्शनला मी स्टेजचा पडदा रंगवायला गेले होते. त्याचा हंस माझ्या ओल्या रंगावर ठिबकला, मी त्याला झाड झाड झाडलं, आणि तिथून पुढे जे व्हायचं ते झालं.

मी हे घरी सांगितलं तेव्हा आई गालातल्या गालात हसली. बाबा मात्र म्हणाले, "बर्फवाला?" त्यानंतर मी दहादा नाव सांगूनही ते त्याला बर्फवालाच म्हणत राहिले.

माझे बाबा, नथ्थूजी पाठराबे, नागपूरच्या चितार ओळीतले मूर्तिकार. बेचाळीस वर्षं गणपती घडवत होते. माणसाचं तोंड पाहून त्यांना काही कळत नसे. काम दाखवा, की ते त्या माणसाची कुंडली मांडत. म्हणून मीच त्यांना गळ घातली होती, की शहरात यंदा हिवाळी महोत्सव आहे, त्यात बर्फाच्या शिल्पांची स्पर्धा आहे, तिथं त्याचं काम बघा आणि मग काय ते ठरवा. आता त्या काळ्या पडद्याच्या मांडवात शिरताना मला वाटत होतं, कुठून ही अवदसा आठवली.

आत मोठमोठे कूलर घोंघावत होते. बाहेर लोक कानटोप्या घालून संत्री सोलत होते आणि आत बर्फ टिकावा म्हणून कूलर! डिसेंबरात कूलर लावणारं गाव आमचंच. लोक कुडकुडत, स्वेटरची बाही तोंडावर धरून, आनंदानं पुढे सरकत होते. दोरीच्या पलीकडे एकेका लाकडी चौथऱ्यावर शिल्पं होती आणि प्रत्येकाच्या मागे त्याचा कारागीर पांढरा डगला घालून उभा.

बाबांनी हात मागे बांधले. पहिल्याच हंसापाशी ते थांबले.

"बदक."

"हंस आहे बाबा. पाटी आहे ना."

"पाटी हाये म्हनून तर सांगून रायलो. हंसाले पाटी लागत नाही."

ताजमहालाला ते म्हणाले, "एक मिनार दारू पिऊन आला." मासोळीपाशी थांबलेच नाहीत. माझा जीव अर्धा झाला. मी हेमराजला बजावून ठेवलं होतं, की हंस कर. बदक झालं तरी चालेल, पण गणपती करू नकोस. मूर्तिकाराला गणपती दाखवणं म्हणजे पैलवानाला दंड दाखवणं. तो "बरं" म्हणाला होता. त्याचं "बरं" नेहमी असंच असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

कोपऱ्यावरून वळलो. समोर गणपती होता.

अडीच फुटांचा, बसलेला. मांडवातल्या दिव्यांचा उजेड त्याच्या पोटातून आरपार जात होता. मागे हेमराज उभा, उंच पांढरी टोपी, हातात लोकरीचे मोजे. आम्ही ओळख दाखवायची नाही असं ठरलं होतं, म्हणून मी बाजूच्या खांबाकडे टक लावून पाहत राहिले.

बाबा दोरीच्या कडेकडेनं दोन्ही बाजूंनी फिरून आले. मग वाकून त्यांनी हाताची बोटं पाहिली. ते नेहमी बोटांपासूनच सुरुवात करतात.

"नखं काढली," ते हळूच म्हणाले. "पेरं पाह्य वैजे. पेरं बरोबर हायेत." सोंडेच्या वळणापाशी त्यांनी आपलाच अंगठा हवेत फिरवला, जणू तेच कोरत होते. माझा श्वास मोकळा झाला. मग त्यांची नजर वर गेली आणि तिथंच अडकली.

"डोळे कुठी हायेत?"

मीही तेव्हाच पाहिलं. कपाळ होतं, भुवया होत्या, आणि त्यांच्याखाली नुसता गुळगुळीत बर्फ.

"येवढं सारं केलं आन् डोळ्यापाशी हात लटपटला गड्याचा," बाबा म्हणाले. "डोळ्यातच तर सारं असते. हाच ना त्याचा?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू मघापासून त्या खांबाकडं पाहून रायली. खांबात काय हाये पाह्यण्यासारखं?" मग ते गंभीर झाले. "हात चांगला हाये पोरी. खोटं नाही बोलनार. पन अर्ध्यात सोडनारा मानूस हाये. मूर्ती अर्ध्यात सोडते तो संसार बी अर्ध्यात सोडंल. मी बाहेर चहा पेतो. पाच मिनिटात ये."

ते गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच्या दुप्पट राग. मी दोरीपाशी गेले.

"डोळे का नाही काढलेस?" मी दात ओठ खात कुजबुजले. "आणि हंस कर म्हटलं होतं ना मी?"

"हंस साऱ्यांनीच केले," हेमराज ओठ न हलवता म्हणाला. "तुझ्या बाबांसाठी गणपतीच पाहिजे होता. आन् डोळ्यांचं म्हनशील, तर..."

"मग वेळ पुरला नाही? हात लटपटला?"

"अवं ऐकून तर घे..."

तेवढ्यात माझ्या शेजारी हिरव्या लुगड्यातली एक आजी येऊन उभी राहिली. तिच्या एका हातात संत्र्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात कागदाची पुडी. ती धापा टाकत होती.

"तूच केला का रे बापू हा?"

"हो जी."

"मंघापासून पाहून रायली मी. घास नाही गेला माह्या तोंडात. आंधळा ठेवला का रे देवाले?" तिनं पुडी उघडली. आत चांदीचे डोळे होते, घरच्या गणपतीला लावतात तसे. बाहेर महोत्सवात पूजेच्या सामानाचा स्टॉल होता, तिथून ती ते घेऊन आली होती. "भागरथीबाई म्हनते मले. उमरेडची हाये. देव आंधळा टाकून मी काही एसटीत बसनार नाही."

हेमराजचा चेहराच उतरला. "आजी, नका लावू! आजी, ऐका..."

पण भागरथीबाई दोरीखालून केव्हाच आत शिरली होती. तिनं अंगठ्यानं बर्फ दाबून जरा खोलगट केला, एक डोळा बसवला, मग दुसरा. बर्फानं ते लगेच धरून ठेवले. ती बाजूला झाली आणि गणपतीनं आमच्याकडे पाहिलं.

खरं सांगते, पाहिलं. इतका वेळ तो बर्फ होता. आता माझ्या अंगावर काटा आला आणि तो थंडीचा नव्हता.

"गणपती बाप्पा..." कुणीतरी म्हणालं, आणि सबंध मांडव गरजला, "मोरया!"

मग काय विचारता! दोरी कुठं गेली ते कळलं नाही. जास्वंद आली, दूर्वा आल्या, एकानं सोललेलं संत्रं ठेवलं, दुसऱ्यानं ते उचलून न सोललेलं ठेवलं. एका बाईनं पर्समधून कापूर काढला तेव्हा मात्र हेमराज ओरडला, "आरती नका करू जी! वितळंल!" ती बिचारी कापूर तसाच ओंजळीत धरून उभी राहिली. आणि मग एका मुलीनं खाली बोट दाखवलं.

"आई, देवाचं पाणी."

चौथऱ्याखालून पाण्याचा ओहोळ निघाला होता आणि थेट लोकांच्या बुटाचपलांखालून वाहत होता. मग सगळ्यांनी एकदम पाय उचलले. ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. शंभरेक माणसं, कानटोप्या घातलेली, एकमेकांच्या खांद्याला धरून एका पायावर उभी. चपला काढाव्यात तर खाली बर्फासारखं पाणी, न काढाव्यात तर पाप. एक जाडजूड गृहस्थ "आता करायचं काय?" असं विचारत लंगडीवर गोल फिरत होते.

त्याच वेळी चहाचा कप हातात घेऊन बाबा आत आले. मोरया ऐकलं की चितार ओळीतला माणूस बाहेर राहत नाही. त्यांनी लंगडी घालणारी गर्दी पाहिली, खालचं पाणी पाहिलं, चांदीचे डोळे पाहिले. मग ते हेमराजशी पहिल्यांदा बोलले.

"हे कोनं लावले?"

"मी," भागरथीबाई म्हणाली. "यानं आंधळा ठेवला होता जी."

"मी आंधळा नव्हता ठेवला, काकाजी." हेमराज म्हणाला. "डोळे काढले असते तर देव झाला असता. मंग देव असा रात्रभर चपलांखालून वाहू द्यायचा का? मी बर्फात काम करतो. मले माहीत हाये हा कुठून कुठं वाहते. म्हनून मुद्दाम ठेवले नाहीत. डोळे नसले तर बर्फच हाये, नाही का?"

चितार ओळीत डोळे सर्वांत शेवटी काढतात, तेही सोवळ्यानं, आणि डोळे उघडल्यावर मूर्तीकडे पाठ करून कुणी बसत नाही. हे हेमराजला कुणी शिकवलं नव्हतं. मीही नाही, मला वाटलं होतं बर्फाला असले नियम नसतात.

बाबांनी कप एका माणसाच्या हातात दिला. बहुतेक तो त्यांना ओळखतही नव्हता. मग त्यांनी चपला काढल्या आणि त्या थंड पाण्यात अनवाणी उभे राहिले.

"डोळे लागले," ते म्हणाले. "आता हा देव हाये. आता याले पान्यात शिरवा लागते. तलाव मागंच हाये. गोणपाट आना कोनी."

गर्दीतून वाट काढत एक इसम आला, हातात वॉकीटॉकी. ते आयोजक वऱ्हाडपांडे. "अहो, हे काय चाललंय? सहा वाजता परीक्षक येणार आहेत. शिल्प जागेवरून हललं तर स्पर्धेतून बाद! नियम आहे." मग हेमराजकडे वळून ते हळू आवाजात म्हणाले, "मी तुम्हाला सांगायला नको, पण पहिला नंबर तुमचाच आला असता."

मी हेमराजकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. हेमराजनं गणपतीकडे पाहिलं आणि लोकरीचे मोजे काढून खिशात टाकले.

"बाद करा जी," तो म्हणाला.

त्यानंतर सगळं बाबांच्या हातात गेलं. गणपती उचलायचा म्हणजे काय असतं ते त्यांना सांगावं लागत नाही. "खालून हात घाला. सोंडेले कोनी धरायचं नाही. तोंड झाकू नका, पाहू द्या त्याले." सहा जणांनी गोणपाटावर गणपती घेतला, पुढच्या उजव्या कोपऱ्याला हेमराज. मी फुलांचं ताट घेतलं. बाहेर शाळेच्या मुलींचं लेझीम पथक आपल्या कार्यक्रमाची वाट पाहत बसलं होतं. त्यांच्या बाईंनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि म्हणाल्या, "चला गं, उठा!"

डिसेंबरातल्या चार वाजताच्या कलत्या उन्हात आमची मिरवणूक निघाली. हुरड्याच्या स्टॉलवरची माणसं हातातली कणसं टाकून सामील झाली. एक आजोबा बाकावरून उठून विचारत होते, "चतुर्थी झाली का हो? मला कोणी सांगितलं कसं नाही?" ज्यांच्या अंगावर थेंब पडत होते ते तीर्थ म्हणून डोक्याला लावत होते. ज्यांच्या खांद्यावर भार होता त्यांचे खांदे बधिर झाले होते आणि तरी कुणी जागा सोडायला तयार नव्हतं. मी हसत होते, रडत होते, आणि ताटातली फुलं भलत्याच लोकांवर उधळत होते.

तलावाच्या पायऱ्यांपाशी चौकीदारानं शिट्टी मारली. खाकी स्वेटर, बगलेत रजिस्टर.

"थांबा! पीओपीची मूर्ती चालत नाही."

"पीओपीची नाही," बाबा म्हणाले.

"मग कशाची?"

"पान्याची."

चौकीदारानं भिंतीवरची पाटी डोळे बारीक करून वाचली. "मातीची चालते. कागदाची चालते. पान्याचं काही लिहिलं नाही."

"लिहिलं नाही म्हनजे मनाई नाही," भागरथीबाई म्हणाली आणि त्याच्या हातात एक संत्रं देऊन पुढे झाली. चौकीदार संत्र्याकडे पाहत राहिला. तेवढ्यात आम्ही पायऱ्या उतरलो.

आणि तिथं बाबा थांबले. वरच्या तिसऱ्या पायरीवर. मला तेव्हा लक्षात आलं, की बाबांना मी कधीच विसर्जनाला पाहिलेलं नाही. अनंत चतुर्दशीला सगळं नागपूर रस्त्यावर असायचं आणि बाबा कारखान्यात आतून कडी लावून हत्यारं धूत बसायचे. दरवर्षी. मला वाटायचं, दमले असतील.

"बाबा, या ना."

"तुमी शिरवा," ते म्हणाले. "मी इथं बरा हाये."

मी त्यांचा हात धरला. तो गार पडला होता. ते आले, पण पाण्याकडे पाहत नव्हते.

हेमराज आणि ते पाच जण कमरेपर्यंत पाण्यात उतरले. "मोरया!" म्हणत त्यांनी गणपती तीनदा खालीवर केला आणि सोडला. तो पाण्याखाली गेला. बाबांनी डोळे मिटून घेतले. लेझीम थांबलं.

आणि गणपती वर आला.

बर्फच तो! बुडेल कसा? आधी सोंड वर आली, मग पोट, मग ते चांदीचे डोळे. तो पाठीवर आडवा झाला आणि दुपारच्या जेवणानंतर पहुडावं तसा ऐसपैस तरंगू लागला. संथपणे वळत, आमच्याकडे पाहत, उन्हात चमकत तो तळ्याच्या मध्याकडे निघाला. मग अशी आरोळी उठली, की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

"बाबा, डोळे उघडा. बाबा, बघा!"

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ते पायरीवर मटकन बसले आणि एवढी गर्दी असूनही लहान मुलासारखे रडू लागले. रडता रडता हसायलाही लागले.

"बेचाळीस वर्षं, वैजे," ते म्हणाले. "माह्या हातचा एक बी वर नाही आला. मले पाहावत नाही पोरी. आपुन डोळे काढायचे, नि त्याच डोळ्यांत पानी जाताना पाह्यचं? म्हनून मी येत नाही. हा पाह्य, कसा चालला! कसा चालला राजावानी!"

हेमराज निथळत, दातावर दात आपटत पायऱ्या चढून वर आला आणि बाबांच्या समोर उभा राहिला. बाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, उठले, आणि त्याचं डोकं पुसू लागले, खसाखसा, घरच्या पोराचं पुसावं तसं.

"डोळे न काढाले बी अक्कल लागते," ते म्हणाले. "मले वाटलं तुले येत नाही. मीच आंधळा होतो."

एवढ्यात चौकीदार धावत आला. संत्रं खाऊन झालं होतं आणि कर्तव्य आठवलं होतं.

"नोंद राहिली ना जी! मूर्ती कोणत्या मंडळाची?"

"मंडळाची नाही," बाबा म्हणाले. "घरचा गणपती हाये."

"कोणाच्या घरचा?"

"पाठराब्याच्या. चितार ओळ." आणि टॉवेल न थांबवता ते म्हणाले, "आमच्या जावयानं केला."

मला नीट ऐकू आलं, तरी खात्री वाटेना. मी हेमराजकडे पाहिलं. टॉवेलातून त्याचा एकच डोळा दिसत होता आणि तो माझ्याएवढाच विस्फारला होता.

"जावयाचं नाव?" चौकीदारानं पेन सरसावलं.

बाबांचा हात थांबला. ते माझ्याकडे वळले. "काय नाव म्हनली होती वो तू याचं?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. एरवी दिवसातून पन्नासदा घ्यायचे मी ते नाव. तेव्हा मात्र कान तापले, जीभ टाळ्याला चिकटली.

"लाजली, लाजली!" भागरथीबाईनं टाळी वाजवली. "आता असं नाही सांगायचं. आता नाव उखाण्यात घ्या लागते!"

सगळा घाट मागे लागला. लेझीमवाल्या पोरी, वऱ्हाडपांडेसाहेब, कापूरवाली बाई, सगळे. सुटका नव्हती. मी तळ्याकडे पाहिलं, पदर खांद्यावरून घेतला, आणि तोंडात येईल ते म्हणून टाकलं,

"मातीचे सारे बुडाले, बर्फाचा बाप्पा तरला,
हेमराजरावांचं नाव घेते, बाबांनी होकार भरला!"

जो गलका झाला त्यात चौकीदार मान खाली घालून, जीभ दातात धरून, शांतपणे लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं पेन वर केलं.

"हेमराजराव... नि आडनाव?"

"चाचेरे," मी म्हटलं. ते मात्र एका दमात आलं.